विकल्पाचे व्याकरण : मेसा आणि एलएलव्हीएम

व्याकरणातील विकल्प म्हणजे अनिश्चितता नव्हे. पाणिनीने विकल्पासाठी वा, विभाषा व अन्यतरस्याम् असे तीन शब्द योजिले असून त्यांत अग्रक्रमाचा भेद आहे, असे प्रतिपादन पॉल किपार्स्की यांनी 1979 साली केले. संगणकीय आज्ञावलींच्या बांधणीतही असाच प्रश्न उद्भवतो. मेसा या मुक्तस्रोत ग्राफिक्स ड्रायव्हरसंग्रहाचा इतिहास त्या दृष्टीने उद्बोधक आहे.

ब्रायन पॉल यांनी 1993 साली मेसाचे काम आरंभिले व 1995 साली ते प्रसिद्ध केले. पुढे ग्राफिक्स प्रोसेसर प्रोग्रॅमक्षम झाले आणि शेडर नामक छोटे प्रोग्रॅम यंत्रभाषेत उतरविण्याचे कार्य ड्रायव्हरवर येऊन पडले. साहजिकच प्रत्येक ड्रायव्हरला कंपायलर हवा झाला. 2000 साली इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅट्नर व विक्रम अडवे यांनी आरंभिलेला एलएलव्हीएम हा कंपायलर-प्रकल्प येथे उपयोगी पडला.

परंतु त्याची निकड सर्वांस सारखी नव्हती. एएमडीच्या रेडिऑनएसआय ड्रायव्हरचा सारा भार एलएलव्हीएमवर होता. इंटेलच्या ड्रायव्हरांपाशी शेडरांसाठी स्वतःचा कंपायलर होता. ग्राफिक्स कार्ड नसल्यास सीपीयूवरच चित्र रेखाटणारा एलएलव्हीएमपाइप एलएलव्हीएमवाचून बांधता येत नाही. त्याच्या जागी सॉफ्टपाइप येतो. तोही चित्र काढतो, परंतु अतिशय मंद गतीने. शिवाय एलएलव्हीएमची नवी आवृत्ती सुमारे सहा महिन्यांनी येते व तिचा सी++ अंतरफलक स्थिर नसतो. त्यामुळे ही अवलंबिता सतत निगराणी मागते.

2017 पासून मेसाने मेसॉन ही बांधणी-प्रणाली स्वीकारली आणि 2019 साली जुनी ऑटोटूल्स-पद्धती त्यागिली. मेसॉनमध्ये अशा विकल्पास तीन मूल्ये असतात : सक्षम, अक्षम आणि स्वयंचलित. पहिल्याने कंपायलर न सापडल्यास बांधणी थांबते. दुसऱ्याने तो असूनही वगळला जातो. तिसऱ्याने सापडेल तर घेतला जातो, एरवी मुकाट्याने सोडला जातो. धोका आहे तो या मुकाटपणातच. एकाच मूलसंहितेपासून दोन यंत्रांवर दोन भिन्न कृती निर्माण होतात, आणि गती का मंदावली हे वापरणाऱ्यास उमगत नाही. म्हणूनच इतरांसाठी बांधणी करणाऱ्याने आपला निर्णय स्पष्ट शब्दांत नोंदविणे इष्ट होय.

2019 साली वाल्व्हच्या साहाय्याने रचलेला एसीओ हा कंपायलर मेसात समाविष्ट झाला. 2020 साली एएमडीच्या ग्राफिक्स प्रोसेसरांसाठीच्या रॅडव्ही ड्रायव्हरने तो मूलतः स्वीकारला आणि पुढे रेडिऑनएसआयही एलएलव्हीएमविना बांधता येऊ लागला. याउलट इंटेलच्या ड्रायव्हरांतील काही अंतर्गत प्रोग्रॅम ओपनसीएल सी भाषेत लिहिले गेल्याने तेथे बांधणीपुरती एलएलव्हीएमची गरज निर्माण झाली. जे एकेकाळी अनिवार्य होते ते वैकल्पिक झाले, आणि जेथे गरज नव्हती तेथे ती आली. तात्पर्य, विकल्प हा वस्तूचा अंगभूत गुण नसून नियमकर्त्याने विशिष्ट काळी घेतलेला निर्णय असतो. तो उच्चारला गेला, तरच पुढील अभ्यासकास त्याची मीमांसा करता येते.