हातसडीचा की पांढरा? घरचं भात भरडायला नेण्याआधी हे वाचा. असडी तांदूळ मऊ आणि चवदार शिजवण्याची पद्धत

मावळ, मुळशी, भोर, वेल्हे या पट्ट्यात दिवाळीनंतर भाताची झोडणी उरकली की घरोघर पोती लागतात आणि भातगिरणीवर गर्दी होते. इंद्रायणीचं पोतं गिरणीत ओतलं की पांढराशुभ्र तांदूळ घरी येतो आणि कोंडा बहुतेक वेळा गिरणीतच राहतो. दुसरीकडे शहरातल्या दुकानात 'ब्राऊन राईस' नावाची किलोची पिशवी पांढऱ्या तांदळापेक्षा चढ्या भावानं विकली जाते. ती पिशवी म्हणजे दुसरं काही नाही, आपल्या आजीच्या वेळचा असडी तांदूळ. घरात कुणाला साखरेचा त्रास निघाला की डॉक्टर हाच तांदूळ खायला सांगतात. मग दोन दिवस तो शिजतो, तिसऱ्या दिवशी पोरं ताट सरकवतात आणि डबा माळ्यावर जातो. चूक बहुतेक वेळा तांदळाची नसते, शिजवण्याची असते.

भाताच्या दाण्याला वरून तूस असतं, ते खाण्याजोगं नाही. तूस काढलं की आत तपकिरी किंवा लालसर पातळ थर दिसतो, तो कोंडा. दाण्याच्या एका टोकाला बारीक पिवळसर डोळा असतो, तो अंकुर. त्याच्या आत पांढरा गाभा, म्हणजे पिठूळ भाग. फक्त तूस काढलं तर असडी तांदूळ, कोंडा आणि अंकुर दोन्ही घासून काढले तर पॉलिशचा पांढरा तांदूळ. हातसडीचा या दोघांच्या मध्ये कुठेतरी येतो. उखळात पहिल्या सडीला तूस सुटतं, दुसऱ्या सडीला थोडा कोंडा जातो. किती सड द्यायची ते मुसळ धरणाऱ्या बाईच्या हातात असायचं. त्यामुळे 'हातसडीचा' असं पोत्यावर लिहिलं म्हणजे तो पूर्ण कोंड्याचा असेलच असं नाही.

वजनाचा हिशोब साधारण असा. 100 किलो भात भरडलं तर 20 ते 22 किलो तूस निघतं. नुसतं तूस काढून थांबलं तर 75 किलोच्या वर तांदूळ मिळतो. पुढे पॉलिश केलं की आणखी 8 ते 10 किलो कोंडा जातो आणि हातात 65 ते 68 किलो राहतो, त्यातच कणी आली. म्हणजे एका पोत्यामागे काही किलो खाण्याजोगा माल आपण स्वतः भरडाई देऊन घालवतो. कोंडा म्हशीला घातला तर निदान घरात राहिला. गिरणीत सोडला तर तो पशुखाद्याला किंवा तेल काढायला जातो आणि तेच राइस ब्रॅन तेल आपण बाटलीतून परत विकत आणतो.

कोंड्यात असतं काय?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते छापले. त्यात 100 ग्रॅम कच्च्या असडी तांदळात तंतू सुमारे 4.4 ग्रॅम आणि पांढऱ्यात 2.8 ग्रॅम दिले आहेत. प्रथिनं 9.2 आणि 7.9 ग्रॅम. खरा फरक ब-1 जीवनसत्त्वात आहे: असडीत 0.27 मिलिग्रॅम, पांढऱ्यात 0.05, म्हणजे पाचपट. मॅग्नेशियमही पांढऱ्यात बरंच कमी होतं. पण उष्मांक बघितले तर दोन्हीकडे जवळपास सारखेच, 355 च्या आसपास. असडी खाल्ला म्हणून वजन आपोआप उतरतं हे खरं नाही. तो चावून खावा लागतो, पोट लवकर भरल्यासारखं वाटतं आणि दोन घास कमी जातात, फायदा झाला तर तिथे होतो.

ब-1 चा विषय लहान नाही. 1890 च्या दशकात जावा बेटावर, तेव्हाच्या बटाव्हियात, क्रिस्तियान आयकमन नावाचे डच डॉक्टर बेरीबेरीचा शोध घेत होते. या रोगात पाय लुळे पडतात, हृदय कमजोर होतं. आयकमन यांच्या कोंबड्या अशाच लुळ्या पडायला लागल्या आणि काही दिवसांनी आपोआप बऱ्या झाल्या. कारण शोधलं तर मधल्या काळात त्यांना दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला पॉलिशचा भात घातला जात होता, तो बंद होऊन कोंड्याचा तांदूळ सुरू झाल्यावर त्या उभ्या राहिल्या. या कामासाठी 1929 साली त्यांना नोबेल मिळालं. रोग जंतूचा नव्हता, ताटातून कोंडा गेल्याचा होता.

आपल्याकडे महात्मा गांधींनी 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला, वर्ध्याला त्याचं काम चाले. घाणीचं तेल आणि गूळ यांच्याबरोबर हातसडीचा तांदूळ हे त्यांचं मोठं काम होतं. त्यात तब्येतीचा भाग होताच, पण कांडपावर पोट असणाऱ्या बायांच्या मजुरीचाही होता. गिरणी आली आणि ती मजुरी गेली. पुढे 1958 साली भातगिरण्यांवर नियंत्रणाचा कायदाही झाला. तरी उखळ मागे पडलंच. पहाटे उठून दोन पायली भात कांडणं काय असतं ते ज्या बायांनी केलंय त्यांना विचारा, गिरणीला कुणी नावं ठेवणार नाही.

मग पांढरा सोडून द्यायचा का?

घर बघून ठरवावं. ज्या घरात सकाळ-संध्याकाळ भातच आहे, सोबत पातळ आमटी आणि भाजी नावाला, तिथे निदान एका वेळचा भात असडी किंवा अर्ध्या पॉलिशचा करणं फायद्याचं. ज्या घरात बाजरी, ज्वारी किंवा नाचणीची भाकरी आहे, डाळ आणि पालेभाजी रोज आहे, भात शेवटी दोन घास, तिथे तो पांढरा राहिला तर फारसं बिघडत नाही. कोंड्यातून मिळायचं ते भाकरीतून मिळतंय. अशा घरानं महागाची पिशवी आणू नये.

साखरेच्या रुग्णांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. असडी तांदूळ पांढऱ्यापेक्षा सावकाश पचतो, त्यामुळे रक्तातली साखर जरा हळू चढते. पण चढते. 'ब्राऊन आहे' म्हणून दोन वाट्या जास्त वाढून घेतल्या तर सगळा फायदा तिथेच संपला. आधी भाताचं माप कमी, मग तांदूळ बदल, हा क्रम. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाण्यात मोठा बदल डॉक्टरांना सांगूनच करावा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय असडी सुरूच करू नये. कोंड्यात फॉस्फरस आणि पोटॅशियम जास्त असतं, त्यांना ते सोसत नाही. तान्ह्या पोराला, जुलाबातून उठलेल्या माणसाला, दात नसलेल्या म्हाताऱ्याला पांढऱ्या तांदळाचा मऊ भात किंवा पेजच बरी.

कोंड्यात फायटिक आम्लही असतं. ते अन्नातलं लोह आणि जस्त धरून ठेवतं, अंगाला लागू देत नाही. भिजवल्यावर आणि मोड आणल्यावर ते कमी होतं. म्हणजे भिजवणं चवीसाठीही लागतं आणि तब्येतीसाठीही.

तिसरा पर्याय तळकोकणात आणि गोव्यात रोजच्या ताटात आहे, तो म्हणजे उकडा तांदूळ. भात तुसासकट भिजवून, उकडून, वाळवून मग भरडतात. उकडताना कोंड्यातलं ब-1 आत गाभ्यात शिरतं, त्यामुळे नंतर कोंडा गेला तरी बराच भाग टिकतो. वरच्याच तक्त्यात उकड्यात 0.17 मिलिग्रॅम आहे, पांढऱ्याच्या तिपटीहून जास्त. घाटावरच्या जिभेला त्याचा वास पटकन आवडत नाही एवढंच.

शिजवायचा कसा?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पांढऱ्यासारखा धुऊन लगेच कुकरला लावणं. कोंड्याचा थर पाणी लवकर आत घेत नाही. वरून फुटतो, आत कण्या लागतात.

रात्री झोपताना तांदूळ निवडा. असड्यात न सुटलेले भाताचे दाणे हमखास असतात, ते दाताखाली आले की जेवणाची मजा जाते. दोनदा धुऊन भरपूर पाण्यात भिजत घाला. 6 ते 8 तास लागतात. उन्हाळ्यात मध्ये एकदा पाणी बदला, नाहीतर आंबूस वास धरतो. सकाळी ते पाणी टाकून चाळणीत निथळवा.

आता चवीची खरी युक्ती. बुडाला जाड पातेलं किंवा कुकर ठेवून चमचाभर तूप घाला, निथळलेला तांदूळ त्यात 3-4 मिनिटं परता. भाजल्या दाण्यासारखा खमंग वास सुटला की समजावं झालं. कोंड्याचा जो कच्चट, गवताळ वास पोरांना नको असतो तो इथे जातो. तूप नको असेल तर कोरडं परतलं तरी चालतं, फक्त हात चालू ठेवा. मग एका वाटीला अडीच वाट्या कढत पाणी, मीठ, हवं तर तमालपत्र. कुकरमध्ये एक शिटी मोठ्या आचेवर, मग आच मंद करून 12 ते 15 मिनिटं. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्या. ही शेवटची 10 मिनिटं घाई करून शिटी उचलली की दाणा आत कडकच राहतो. भिजवायचं राहून गेलं असेल तर पाणी तीन वाट्या आणि मंद आचेचा वेळ जवळपास दुप्पट.

चुलीवर वेळून करायचा असेल तर एकाला सहा पट पाणी उकळून त्यात तांदूळ सोडा, दाणा बोटात पूर्ण दबला की पेज काढून घ्या आणि झाकण ठेवून निखाऱ्यावर मुरू द्या. काढलेली पेज फेकू नका. त्यात जीवनसत्त्वं उतरलेली असतात, मीठ-जिरं घालून प्या किंवा आमटीत ओता.

पहिल्या दिवशी पूर्ण असडी वाढू नये. तीन वाट्या नेहमीचा आणि एक वाटी असडी असं सुरू करावं, दोन आठवड्यांत अर्धा-अर्धा. मात्र असडी रात्रभर भिजलेला असला पाहिजे आणि आधी त्याला 10 मिनिटं उकळी देऊन मग पांढरा घालावा. दोन्ही एकदम टाकले तर एकाचं पिठलं होतं आणि दुसरा कच्चा.

कोंड्याच्या भाताला कालवणही तसं लागतं. साध्या वरणाबरोबर तो कोरडा वाटतो. कुळथाचं पिठलं, सार, माशाचं कालवण, झणझणीत आमटी यांच्याबरोबर तो जमून येतो. मसालेभात, मुगाची खिचडी, दुसऱ्या दिवशीचा फोडणीचा भात यात तर पोरांना फरक कळतही नाही. दुधाची खीर आणि साधा दहीभात यासाठी मात्र पांढराच घ्या. पीठ करून भाकरी, घावन, धिरडी केली तर कण्या लागायचा प्रश्नच उरत नाही.

वेळ असेल त्यांनी मोड आणून बघावं. 12 तास भिजवून फडक्यात बांधून ठेवायचं, टोकाला पांढरा बारीक ठिपका फुटला की शिजवायचं. दाणा मऊ होतो आणि गोडी येते. यातून तांदळाची परीक्षाही होते. अंकुर शाबूत असलेला असडी मोड धरतो, पॉलिशचा कधीच धरत नाही. उकडाही धरत नाही, तो उकडलेला असतो. लाल तांदळाचं पाणी जरा लालसर होतं, तेवढ्यावरून रंग लावलाय असं समजू नये.

गिरणीवर काय सांगायचं?

जुनं लोखंडी हलर असेल तर त्यातून चांगला असडी निघत नाही. तिथे तूस आणि कोंडा एकाच घासणीत निघतो, एकत्र पडतो आणि कणीही जास्त होते. रबरी रोलचं शेलर असलेली गिरणी शोधा. त्यात तूस वेगळं निघतं, तिथेच थांबवायला सांगा. घरच्यांना पूर्ण कोंडा झेपत नसेल तर पॉलिशरमधून एकदाच हलका काढून घ्या. गिरणीवाला कुरकुर करतो, कारण पाच-दहा किलोसाठी यंत्राची मांडणी बदलावी लागते. दोन-तीन घरांनी मिळून एकच पोतं नेलं तर तो तयार होतो. कोंडा हवा असेल तर तोही आधीच बोलून ठेवा.

वर्षाचा तांदूळ मात्र एकदम काढू नका. कोंड्यात तेल असतं, तूस निघालं की हवा लागून ते खवट होतं. पावसाळी दमट हवेत तर दीड-दोन महिन्यांतच वास येतो, पोरकिडेही पांढऱ्यापेक्षा आधी लागतात. भात तुसासकट कणगीत ठेवा, महिन्याला लागेल तेवढंच भरडा आणि डबा घट्ट झाकणाचा घ्या. दुकानातून आणलात तर पॅकिंगची तारीख बघा. मूठभर तांदूळ तळहातावर चोळून हुंगा. जुन्या तेलासारखा वास आला तर तो कितीही भिजवला, परतला तरी कडवटच लागणार, परत करा. चांगल्या असड्याला कोरड्या पेंढ्यासारखा वास येतो, आंबेमोहोर असेल तर डब्याचं झाकण उघडतानाच कळतं.