पांझरेकाठचे फड आणि आमच्या परसातली गिलकी

मागच्या चैत्रात आमच्या देवपुरात चार घरांचं एका बोअरवरून भांडण झालं. प्रत्येकाच्या परसात दीड-दोन गुंठे. गिलकी, मेथी, पोकळा, चार वांगी, दहा-बारा मिरच्या, एवढंच. बोअर पाऊण तास चालून हवा मारायला लागलं. पहिल्याचं परस हिरवं, शेवटच्याचं करपलेलं. शेवटचा मीच होतो, म्हणून ही पोस्ट.

तेव्हा आजोबा आठवले. त्यांची जमीन साक्रीकडे, पांझरेच्या फडात. आता फड म्हटलं की पोरांना तमाशाचा नाहीतर ऊसतोडीचा आठवतो, म्हणून नीट सांगतो.

पांझरा पिंपळनेरकडच्या डोंगरात उगवते, धुळे-देवपुराच्या मधून जाते आणि मुडावदला तापीला मिळते. तिच्यावर तीनशे-चारशे वर्षांपासून बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट काढायचा आणि पाटाखालच्या जमिनीचे साधारण चार मोठे तुकडे पाडायचे. एकेक तुकडा म्हणजे एक फड. एका फडात एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात ज्वारी, पुढच्या वर्षी फिरवाफिरव. शेतकऱ्याची पट्टी शक्यतो प्रत्येक फडात असायची. आणि खरी गंमत इथं आहे : मालकानं पाण्याला हात लावायचाच नाही. पाटकरी पाणी आणणार, बारेकरी वावरात भरणार, वर हवालदाराची नजर. मजुरी धान्यात. पाणी कमी असेल त्या वर्षी अख्खा एक फड पडीक. म्हणजे वरच्याचं भिजलं आणि खालच्याचं सुकलं हा प्रकारच नाही. नुकसान झालं तर सगळ्यांचं सारखं.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1884 ला मुंबई इलाख्यात नोकरीला लागले आणि लवकरच आपल्या खानदेशात आले. साक्री तालुक्यात दातर्तीजवळ नाल्यातून पाटाचं पाणी पलीकडे न्यायला पाइपाचा सायफन बांधायचं काम त्यांच्याकडे होतं. पुढं त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. तीत फडाची सावली मला तरी दिसते. पुस्तकातल्या इंजिनियरानं आमच्या अंगठेबहाद्दर पाटकऱ्याकडून काही घेतलं असेल तर वाईट काय?

पण एक गोष्ट ह्या सगळ्यात राहून जाते. फडात भाजी बसत नाही. एका फडात एक पीक म्हटल्यावर चार वेल गिलक्याचे कुठं लावणार? आमच्या घरी भाजी आजीच्या ताब्यात. मोरीचं पाणी जिथं जाई तिथं आळी, कुडावर वेल, विहिरीच्या थारोळ्याशी मिरची. त्याचा हिशेब कुठल्या वहीत नव्हता. (मिरचीही बाहेरचीच बरं का. पोर्तुगीज 1498 ला कालिकतला उतरले, 1510 ला गोवा घेतलं, त्यांच्या मागोमाग अमेरिकेतली मिरची किनाऱ्यावरून घाट चढली. शेंगदाणाही मूळ तिकडचाच. भरितात आपलं म्हणावं तर वांगं.)

विहिरी वाढल्या, मोटर आली, वर धरणं झाली. ज्याची विहीर त्याचं पाणी असं झालं आणि बऱ्याच गावांत फड मोडले. आजोबांची पट्टी वाटण्यांत गेली. मी देवपुरात आलो तेव्हा आजूबाजूला वावरं होती, आता प्लॉट आहेत.

तर भांडण. मी चौघांना ओट्यावर बसवून फड सांगितला. एकानं तोंडावर विचारलं, "तुमचं करपलं म्हणून नियम का?" खोटं नव्हतं. मी म्हटलं, हो, म्हणूनच. तासभर ओढाताण झाली. शेवटी ठरलं की प्रत्येकानं अर्धा गुंठा पडीक ठेवायचा, मेथी-पोकळा बंद, फक्त वेल आणि मिरची जगवायची. आणि मोटरला आमच्यापैकी कुणीच हात लावायचा नाही. तिसऱ्याच रात्री एकानं मोटर लावली. सकाळी बायकांनीच त्याला गाठलं, मला बोलावं लागलं नाही.

आता मोटरच्या पेटीची किल्ली गल्लीतल्या बारावीतल्या पोराकडे असते. त्याला परस नाही. मजुरी म्हणून चारही घरांतून आठवड्याला अर्धा-अर्धा किलो गिलकी जातात. त्याची माय म्हणते, आता मिरच्या द्या, गिलक्यांचा कंटाळा आला.