शब्दवेध : आडवा शब्द ‘मजा’

नांदेडला विष्णुपुरीत विद्यापीठाच्या बाजूच्या टपरीवर पेपर फिरतो तो बातम्यांपेक्षा शब्दकोड्यासाठी. ‘आनंद, दोन अक्षरी’ असं सूत्र आलं की वाद पेटतो. हर्ष? मोद? तोष? पोहे खाता खाता कुणीतरी पेनानेच ‘सुख’ लिहून टाकतो आणि उभा शब्द अडतो. उत्तर पुष्कळदा असतं ‘मजा’.

हा शब्द फारसीतून आलेला. तिथे ‘मझे’ म्हणजे आधी चव, जिभेला कळणारी. मग पेयाबरोबर तोंडात टाकायचा खाऊही मझे. तुर्कस्तानात अशा छोट्या छोट्या बश्यांना आजही ‘मेझे’च म्हणतात. आपला ‘चखणा’ही चाखण्यातूनच निघाला, पंगतीत त्याचं नाव घेत नाहीत, एवढाच फरक. म्हणजे चव, खाऊ आणि आनंद, तिन्ही सूत्रांना हा एकच शब्द चालेल.

मराठीने चव सांडली, आनंद ठेवला. आपली ‘मजेदार’ असते गोष्ट किंवा माणूस; बिर्याणी ‘चवदार’. पण १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या नांदेडात दखनी अजून कानावर पडते, आणि तिथे बिर्याणीच ‘मजेदार’. लिंगही बदललं. त्याच टपरीवर एकाला ‘मजा आली’, दुसऱ्याला ‘मजा आया’.

२१ डिसेंबर १९१३ला आर्थर विन यांचं पहिलं शब्दकोडं न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’मध्ये छापलं गेलं. त्यात एकच शब्द आधीपासून भरलेला होता : ‘फन’.