खुंट आणि कुंडी : 'वामनवृक्षा'च्या रूपकाविषयी

मराठी लेखनात 'बोन्साय' हा शब्द आला की पुढचे वाक्य काय असेल, हे बहुधा आधीच कळते. कोणाची तरी वाढ खुंटवली गेलेली असते. घरातल्या स्त्रीची, मुलाची, एखाद्या भाषेची किंवा प्रतिभेची. अमेरिकन कवयित्री मार्ज पिअर्सी यांची 'अ वर्क ऑफ आर्टिफिस' ही कविता आणि अब्बूरी छायादेवी यांची 'बोन्साय' शब्द शीर्षकातच असलेली तेलुगू कथा, या दोन्ही रचनांनी स्त्रीच्या आयुष्यासाठी हे रूपक वापरले, आणि पाठ्यक्रमांतून ते आपल्या वर्गांपर्यंत पोचले. रूपक प्रभावी आहे याबद्दल आमचे दुमत नाही. मात्र ते ज्या वस्तूवर उभे आहे त्या वस्तूचा इतिहास पाहिला, तर त्यातला निम्मा भाग रूपकात आलेलाच नाही, असे आम्हांला वाटते. रूपकाला फक्त कुंडी दिसते. कुंडीच्या आधीचे शेत त्याला दिसत नाही.

कुंडीतल्या झाडाचा पुरावा जुना आहे. चीनमध्ये इ.स. 706 च्या सुमारास बांधलेल्या राजपुत्र झांगहुआय याच्या थडग्यातील भित्तिचित्रांत, पसरट पात्रात छोटी झाडे घेऊन चाललेले सेवक आहेत. जपानमध्ये ही कला चीनकडूनच गेली. तेथे कुंडीतल्या झाडाला 'हाची-नो-की' म्हणत, आणि याच नावाचे एक नो नाटक आहे. बर्फाच्या रात्री दारी आलेल्या अनोळखी भिक्षूला ऊब मिळावी म्हणून एक दरिद्री सामुराई आपली प्लम, चेरी आणि पाइनची जपलेली झाडे जाळतो. तो भिक्षू वेषांतर केलेला सत्ताधीश होजो तोकियोरी असतो. नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे नाटक अवश्य वाचावे. येथे आमच्या मुद्द्यापुरते इतकेच, की त्या परंपरेत हे झाड दडपशाहीचे चिन्ह नव्हते. घरातले शेवटचे मौल्यवान काही, असे त्याचे स्थान होते.

जुन्या काळी अशी झाडे डोंगरातून खणून आणत. कड्यावर, वाऱ्यात, मुठीएवढ्या मातीत ती निसर्गानेच वाकवलेली असत. पण डोंगरातली झाडे किती पुरणार? म्हणून पुढे ती शेतात वाढवण्याची पद्धत रुळली. शिकोकू बेटावरील ताकामात्सुजवळच्या किनाशी परिसरात आजही पाइनची झाडे पिकासारखी ओळीने जमिनीत उभी असतात.

मेपलच्या बाबतीत ही शेतातली पायरी सर्वांत स्पष्ट दिसते. जपानी भाषेत मेपलला 'काएदे' म्हणतात; 'मान्योशू' या आठव्या शतकातील काव्यसंग्रहाच्या काळी तो शब्द 'काएरुदे', म्हणजे 'बेडकाचा हात', असा होता. (पानाकडे पाहावे, म्हणजे उपमा पटते.) बोन्सायसाठी विशेष वापरला जाणारा त्रिदल पानाचा मेपल मात्र मूळचा चीनचा, तो जपानमध्ये अठराव्या शतकात आला. त्याचे रोप आधी जमिनीत लावतात, आणि लावताना मुळांखाली फरशी किंवा फळी ठेवतात, म्हणजे मुळे खाली न घुसता चहूबाजूंनी पसरतात. मग त्याला मोकळे सोडतात. खत, पाणी, ऊन, कशालाही तोटा नाही. पाच, सात, कधी दहा वर्षे झाड वाटेल तसे उंच जाते. कारण जाड बुंधा उपासमारीने मिळत नाही, भरपूर वाढीनेच मिळतो. कुंडीत पहिल्यापासून कोंडलेले रोप जन्मभर काडीच राहते.

आणि मग एके दिवशी, थंडी सरता सरता, डोळे फुगण्याआधी, माणसाएवढे किंवा त्याहून उंच झालेले हे झाड करवतीने कापतात. उरतो वीतभर खुंट. छाट तिरपा देतात, जखमेवर लेप लावतात आणि वाट पाहतात. जुन्या सालीतून धुमारे फुटतात. त्यांतला एक निवडून त्याला नवा शेंडा करतात. तो खुंटाच्या निम्म्याहून जाड झाला की त्यालाही कापतात. असे तीन-चार वेळा. बुंध्याकडून शेंड्याकडे निमुळते होत जाणारे जे खोड प्रदर्शनात आपण 'शंभर वर्षांच्या वृक्षासारखे' म्हणून पाहतो, ते या एकामागून एक छाटांचे बनलेले असते.

यात आणखी एक तपशील आहे, जो रूपकाच्या अभ्यासकाने सोडू नये. बुंधा लवकर जाड व्हावा म्हणून खालच्या बाजूची एखादी फांदी मुद्दाम बेफाम वाढू देतात. ती ठेवायची नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेले असते. तिने खोडात भर घालावी, आणि काम झाले की जावे. मराठीत तिला 'बळीची फांदी' म्हणता येईल. या शब्दाकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

बुलढाणा जिल्ह्यात मेपल नाही. त्याला हिवाळ्यात पाने गाळून काही आठवडे खरी थंडी लागते. घाटावरच्या बुलढाणा-चिखलीकडची हवा घाटाखालच्या मलकापूर-शेगावपेक्षा सौम्य असली, तरी ती थंडी येथे पडत नाही. आणि घाटाखालच्या मे महिन्याच्या झळांत त्याचे पान कडेने करपेल. पण खुंटाचे ज्ञान येथे परके नाही. धुऱ्यावरचा कडुनिंब पिकावर सावली धरू लागला की शेतकरी तो छाटतो, आणि पावसाळ्यात त्या खुंटावर धुमाऱ्यांचे झुपके येतात. ज्वारीचा खोडवा हेही तेच शास्त्र. वन खात्याच्या रोपवाटिकेत सागाचे एका वर्षाचे रोप उपटून, मूळ वीतभर आणि वर खोड बोटाच्या पेरभर ठेवून कापतात. त्याला मराठीत सर्रास 'स्टंप' म्हणतात, आणि तो लावला की साग सरळसोट वर जातो. कापणे हे येथे वाढीच्या विरुद्ध नाही. वाढीचा तो एक टप्पा आहे. हौशी लोक जुन्या वाड्यांच्या भिंतींत उगवलेले वड-पिंपळ काढून कुंडीत लावतात, ते मेपलच्या खुंटाचे आपल्याकडचे भावंडच.

आता 'वामनवृक्ष' या शब्दाकडे. बोन्साय मूळचे भारतीय, ही 'वामनवृक्षकला' आपल्या ऋषींनीच चीनला दिली, असे आपल्याकडे अधूनमधून लिहिले जाते. सुरपालाचा 'वृक्षायुर्वेद' (ऑक्सफर्डमधील हस्तलिखितावरून नलिनी साधले यांनी त्याचा 1996 मध्ये इंग्रजी अनुवाद केला) आणि चौदाव्या शतकातील 'शार्ङ्गधरपद्धती'तील 'उपवनविनोद' यांत झाडांची चिकित्सा, कुणपजलासारखी खते, अकाली फुले आणण्याच्या युक्त्या असे पुष्कळ आहे. (मेहकरच्या शार्ङ्गधर बालाजीशी या शार्ङ्गधराचे फक्त नामसाम्य आहे.) परंतु एका ग्रंथात चमत्कारांचे प्रयोग असणे आणि पिढ्यान्‌पिढ्या एकच झाड कुंडीत घडवत नेणाऱ्या कारागिरांची परंपरा असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचा पुरावा चीन-जपानात मुबलक आहे, आपल्याकडे नाही. असो.

शब्द मात्र आपला आहे, आणि मराठीत तो निरागस राहू शकत नाही. पुराणातला वामन खुजा नव्हे. तो तीन पावलांत विश्व व्यापतो. बोन्सायही खुज्या जातीचे झाड नसते. त्याचे बी पेरले तर पूर्ण उंचीचा वृक्ष होतो, आणि खुद्द तेच झाड जमिनीत सोडले तर पुन्हा वर झेपावते. पण जोतीराव फुले यांच्या 'गुलामगिरी'नंतर (1873) ही कथा मराठी वाचकाला बळीच्या बाजूनेही वाचावी लागते. बळी हा शेताचा राजा, आजही शेतकऱ्याला आपण बळीराजाच म्हणतो. आणि 'बळी' म्हणजे दिला गेलेला जीवही. वामनाचे पाऊल त्याच्या मस्तकावर पडले. जमिनीत मनसोक्त वाढलेल्या झाडाचे मस्तक उतरवून जे कुंडीत येते, त्याला मराठीने 'वामनवृक्ष' म्हणावे, हा योगायोग असेल. पण 'बोन्साय'पेक्षा तो शब्द अधिक जाणता आहे.

म्हणून रूपक टाकून द्यावे असे आमचे म्हणणे नाही. ते अधिक कठोरपणे वापरावे, असे आहे. ज्यांना पहिल्यापासून वाढूच दिले नाही, त्यांच्यासाठी 'बोन्साय' हा शब्द चुकीचा आहे. त्यांना बुंधा धरण्याचीसुद्धा संधी मिळालेली नसते. ज्या मुलीला पदवीपर्यंत हौसेने शिकवले आणि मग लग्नाच्या बैठकीत तिचा शेंडा उतरवला, तिला तो लागू पडतो. आणि जिच्या मजुरीवर भावाचे शिक्षण झाले, ती बहीण खुंटही नसते. ती बळीची फांदी असते. प्रदर्शनात ती फांदी दिसत नाही. साल भरून आलेली तिची जागा कुशल माळी झाडाच्या मागच्या बाजूला ठेवतो. कुंडी फिरवून पाहिली तर ती सापडते.