शिवणयंत्र : चार बिघाड आणि त्यांचा इतिहास

आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी उन्हाळ्याच्या सुट्टीत एक जुने शिवणयंत्र विकत घेतले. गाव वाशीम जिल्ह्यातले, शेती कोरडवाहू. शाळा उघडण्यापूर्वी गणवेशांची आणि ब्लाउजची शिवण मिळाली, तर खरिपाच्या बियाण्याला हातभार लागेल, असा त्यांचा हिशेब होता. यंत्र घरी आले आणि चालेना. चाक अर्धे फिरून अडे. वरची सोनेरी अक्षरे पुसून गेलेली असल्याने ते कोणी व केव्हा बनवले हेही कळत नव्हते. भंगारवाला ते वजनावर घ्यायला तयार होता. शेवटी शाळेतले आम्ही दोघे शिक्षक एक पेचकस, जुना टूथब्रश आणि रॉकेलची बाटली घेऊन ताईंच्या ओसरीत बसलो.

काम तीन रविवार चालले. एकेक बिघाड सापडत गेला, तसे आमच्या लक्षात आले की यातला प्रत्येक प्रश्न पूर्वी कोणाला तरी पडलेला होता. शिवणयंत्राचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या प्रश्नांचाच इतिहास आहे.

पहिला बिघाड : चाक अडते

“गुरुजी, तेल त भरपूर टाकलं,” ताई म्हणाल्या. अडचण तिथेच होती. आधीच्या मालकांनी घरातले खाण्याचे तेल घातले होते. जवस, करडई यांसारखी तेले हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात, त्यांचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि चिवट पापुद्रा तयार होतो. जवसाचे तेल रंगात वापरतात ते याच गुणामुळे. रंगासाठी जो गुण, तोच यंत्रासाठी दोष. खोबरेल तेल असे लवकर वाळत नाही, पण ते साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठू लागते, म्हणजे विदर्भातल्या हिवाळ्यात निरुपयोगी. खनिज तेलापासून केलेले मशीनचे पातळ तेल यातले काहीच करत नाही. अमेरिकेत सुरुवातीच्या काळात शिवणयंत्रांना देवमाशाचे तेल घालत. १८५९ साली पेनसिल्व्हेनियात तेलाची विहीर यशस्वीपणे खणली गेली आणि पुढे खनिज तेल स्वस्त झाले, तेव्हा देवमाशाची गरज उरली नाही.

रॉकेलने जुना थर सुटायला एक रात्र लागली. सकाळी सगळे भाग पुसून मशीनच्या तेलाचे थेंब सोडले आणि चाक फिरले.

दुसरा बिघाड : टाका पडत नाही

आता सुई वरखाली होई, पण टाका पडेना. कारण साधे निघाले, सुई उलटी बसवली होती. हाताने शिवण्याच्या सुईचे नेढे मागच्या टोकाला असते, कारण संपूर्ण सुई कापडातून आरपार जाते. यंत्राने हाताची ही हालचाल जशीच्या तशी करावी, या कल्पनेत अनेक संशोधक अडकून पडले होते. नेढे टोकाजवळ आणले, तर सुईने कापडातून आरपार जाण्याची गरजच उरत नाही. ती खाली जाते, दोऱ्याचा फासा मागे ठेवते आणि वर येते. न्यू यॉर्कच्या वॉल्टर हंट यांनी १८३० च्या दशकात अशी सुई वापरून यंत्र केले, पण त्याचे पेटंट घेतले नाही. इलायस हाऊ यांनी १० सप्टेंबर १८४६ रोजी पेटंट मिळवले.

यंत्राची सुई नीट पाहण्यासारखी असते. तिच्या जाड भागाची एक बाजू चपटी असते आणि विरुद्ध बाजूला लांब खाच असते. सुई तळाला जाऊन किंचित वर येऊ लागते, तेव्हा खाचेतला दोरा सुईबरोबर सरकतो. दुसऱ्या बाजूचा दोरा मात्र कापडाला घासून अडतो आणि त्याचा फासा फुगतो. नेमक्या त्याच क्षणी शटलचे टोक त्या फाशात शिरते. म्हणून सुईची चपटी बाजू शटलच्या टोकाकडे असावी लागते आणि दोरा खाचेच्या बाजूने ओवावा लागतो. सुई उलटी बसली की फासा भलत्या बाजूला पडतो. शटल म्हणजे धोटाच. मागावरचा धोटा ताण्याच्या धाग्यांतून जातो, इथे तो वरच्या दोऱ्याच्या फाशातून जातो.

तिसरा बिघाड : कापड सरकत नाही, खाली गुंता होतो

टाका पडू लागला, पण एकाच जागी. सुईखालची पत्री काढली, तर कापड पुढे ढकलणाऱ्या दात्यांमध्ये कापसाच्या तंतूंचा घट्ट थर बसला होता. तो उपसल्यावर दाते वर येऊ लागले.

हाऊ यांच्या यंत्राला असे दाते नव्हते. कापड एका पट्टीवरच्या टाचण्यांना उभे अडकवावे लागे आणि पट्टीच्या लांबीइतकी शिवण झाली की काढून पुन्हा अडकवावे लागे. ॲलन विल्सन यांनी १८५४ साली चार हालचालींच्या दात्यांचे पेटंट घेतले. दाते वर येतात, पुढे जातात, खाली जातात आणि मागे येतात. यामुळे सलग शिवण शक्य झाली आणि बाहीचे किंवा गळ्याचे वळणही घेता येऊ लागले.

खालचा गुंता राहिला होता. वरच्या दोऱ्याचा ताण दोन चकत्यांमधल्या घर्षणाने ठरतो. आमचा दोरा चकत्यांमध्ये बसलेलाच नव्हता, म्हणून तो सैल पडून कापडाखाली वेटोळी करत होता. वर लाल आणि खाली निळा दोरा घालून एक चिंधी शिवली, की ताण कुठे चुकतो ते लगेच दिसते. खालच्या बाजूला लाल वेटोळी दिसली तर वरचा ताण कमी आहे, वरच्या बाजूला निळे ठिपके दिसले तर तो जास्त आहे. दोन्ही ताण जुळले की गाठ कापडाच्या मध्ये लपते. घर्षण शिकवताना हा प्रयोग वर्गातही करता येईल.

चौथा बिघाड : डबी झिजलेली आहे

बॉबिनची डबी मात्र दुरुस्त होण्यासारखी नव्हती. यंत्राचे नाव-गाव माहीत नसताना आम्ही ती खिशात घालून वाशीमच्या बाजारात गेलो. दुकानदाराने एक नजर टाकून दुसरी डबी दिली आणि ती पहिल्याच प्रयत्नात बसली. आम्हाला सर्वांत जास्त नवल या गोष्टीचे वाटले. अनोळखी, जुन्या यंत्राला कुठल्याशा कारखान्यात बनलेला नवा भाग बसतो कसा?

पूर्वी तो बसत नसे. सिंगरच्या कारखान्यातसुद्धा १८८० च्या सुमारापर्यंत यंत्र जोडताना कारागिरांना भागांवर कानस चालवावी लागे. एका यंत्राचा भाग दुसऱ्याला बसेलच याची खात्री नव्हती. यंत्रांची मागणी लाखांच्या घरात गेली, तेव्हा सगळे भाग अचूक आणि सारखेच बनवणे भाग पडले.

दुसरे कारण पेटंटांचे आहे. सुई एकाची, दाते दुसऱ्याचे, रचना तिसऱ्याची, अशी स्थिती असल्याने कोणालाही इतरांच्या पेटंटाशिवाय चांगले यंत्र बनवता येईना. कोर्टकज्ज्यांना कंटाळून हाऊ आणि तीन कंपन्यांनी १८५६ साली आपली पेटंटे एकत्र केली. बाकीच्या उत्पादकांना त्यांना शुल्क द्यावे लागे. शेवटचे महत्त्वाचे पेटंट १८७७ साली संपले आणि मूळ रचना सर्वांना खुली झाली. पुढे सिंगरच्या ‘१५ क्रमांका’च्या यंत्राची रचना जगभर उचलली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी त्याच धर्तीची यंत्रे मोठ्या संख्येने बनवली. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सची ‘उषा’ १९३० च्या दशकात सुरू झाली, तर लुधियानात लहान कारखान्यांमधून यंत्रे आणि सुटे भाग बनू लागले. आपल्याकडच्या बहुतेक काळ्या घरगुती यंत्रांची डबी या एकाच घराण्यातली आहे. ती वाशीमला मिळते ती त्यामुळे.

वऱ्हाड आणि यंत्र

या इतिहासात आपला भागही आहे, पण वेगळ्या टोकाला. सिंगर यांनी १८५१ मध्ये पेटंट घेतले आणि १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिला. कंपनीला येथला कापूस हवा होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तिथला कापूस थांबला आणि वऱ्हाडी कापसाचे भाव चढले. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर–कारंजा–यवतमाळ ही अरुंद मापाची रेल्वेही मुख्यतः कापसासाठीच टाकली गेली. कापूस बाहेर गेला, कापड आणि दोरा परत आला आणि त्यांच्या मागोमाग शिवणयंत्रही आले. पेरणाऱ्याच्या घरात कापसाच्या किमतीचा फार थोडा भाग उरला. ताईंच्या यंत्रातून निघालेला तंतूंचा थर पाहताना याची आठवण झाली.

शोध कोणाचा?

१९२४ साली गांधीजींना विचारले गेले की त्यांचा सर्वच यंत्रांना विरोध आहे काय. त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद केला. पत्नीचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगर यांनी प्रेमापोटी हे यंत्र शोधले, अशी हकिकत त्यांनी सांगितली आणि ती ‘यंग इंडिया’त छापून आली. गांधीजींची कसोटी अशी, की यंत्राने माणसाचे कष्ट वाचवावेत, त्याला निकामी करू नये. ही शंका जुनीच होती. फ्रान्समध्ये बार्तेलेमी तिमोनिये यांची लाकडी यंत्रे सैन्याचे गणवेश शिवत होती. पॅरिसच्या शिंप्यांनी १८३१ च्या सुमारास ती पोट जाईल या भीतीने मोडून टाकली.

कसोटी मोलाची आहे, पण हकिकत नोंदींशी जुळत नाही. १८५० साली सिंगर बोस्टनमध्ये ऑर्सन फेल्प्स यांच्या कारखान्यात होते. तिथे दुसऱ्याच कोणी आखलेली शिवणयंत्रे बनत आणि सतत बिघडत. फेल्प्स यांनी ती सिंगर यांना पाहायला सांगितली. धोटा गोल फिरतो तो सरळ रेषेत जावा, सुई आडवी न चालता उभी चालावी, असे बदल त्यांनी सुचवले. म्हणजे प्रसिद्ध यंत्राचा उगम बिघडलेल्या यंत्राच्या तपासणीत आहे. हंट, हाऊ, विल्सन, सिंगर यांपैकी कोणा एकाला ‘जनक’ म्हणता येत नाही. प्रत्येकाने आधीच्याची एकेक अडचण दूर केली. पाठ्यपुस्तकातल्या ‘शोध आणि संशोधक’ या जोड्या लावताना हे मुलांना सांगायला हवे.

तिसऱ्या रविवारी ताईंनी पहिला गणवेश शिवायला घेतला. मध्येच दोरा तुटला. आम्ही उठणार, तोच त्यांनी सुई तपासली, दोरा चकत्यांमधून नीट ओढला, खालचे दाते ब्रशने झाडले आणि पुन्हा पायटा मारला. आता आमची गरज नव्हती. गांधीजींच्या कसोटीला आम्ही एवढीच जोड देऊ, की यंत्र वापरणाऱ्याला ते उघडता यावे, समजावे आणि त्याचा भाग जवळच्या बाजारात मिळावा. ज्या घराचा हंगाम एका यंत्रावर टेकला आहे, तिथे या गोष्टीला फार महत्त्व असते.