उक्कूचं पातं, दमास्कसचं नाव

आमच्या हैदराबादेत कुणी जुनं हत्यार काढलं, की बघणारे चटकन म्हणतात, "अरे वा, दमास्कसचं पोलाद!" आणि चौकशी तिथंच संपते. माझ्याकडे बघायला आलेल्या एका भाल्याच्या पात्याचंही असंच झालं होतं. पातं वीतभर लांब, मध्ये उंच कणा, खाली दांडा बसवायची नळी. नळी साध्या लोखंडाची; पण पात्यावर जिथं गंज नव्हता, तिथं पाण्याच्या लहरींसारख्या बारीक रेषा दिसत होत्या.

या रेषा कोरलेल्या नसतात, त्या पोलादाच्या पोटातच असतात. दक्षिणेत लोखंडाचे तुकडे लाकूड-पाल्यासह मातीच्या मुशीत घालत, तोंड लिंपत आणि भट्टीत तापवत. लोखंडात कर्ब मुरे. मूस सावकाश निवली आणि लोहारानं बेतानं घडवलं, की कर्बाचे कण ओळीनं बसत. वरून सौम्य आम्ल फिरवलं, की लहरी उघड होत. हे पोलाद म्हणजे कन्नड-तेलुगूतलं 'उक्कु'. इंग्रजांनी त्याचं 'वूट्झ' केलं. मात्र दोन प्रकारच्या लोखंडाच्या पट्ट्या जोडूनही लहरी आणता येतात, म्हणून नुसती नक्षी बघून निकाल देऊ नये.

उक्कु सेलमला, म्हैसूरकडे, श्रीलंकेतही होई. पण आपल्याला जवळचं ठिकाण म्हणजे निजामाबाद जिल्ह्यातलं कोनसमुद्रम. सर्वेक्षण खात्यातले डॉ. व्हॉयसी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिथं गेले, तेव्हा पोलाद न्यायला थेट इस्फहानहून आलेला एक इराणी व्यापारी त्यांना भेटला. त्याआधी सतराव्या शतकात मछलीपट्टणहून डच जहाजांतूनही गोवळकोंड्याचं पोलाद बाहेर जात असे.

तेव्हा बघा, एकाच पात्यात धातू तेलंगणचा, घडण इराणची किंवा इथलीच, आणि नाव तिसऱ्याच गावाचं असू शकतं. व्यापारी घरांत हे नवं नाही. माल खेड्याचा, शिक्का पेठेचा. भट्टीपाशी बसणारा मात्र विसरला जातो.

म्हणून घरात असं पातं असेल, तर चिंच-राखेनं घासून लख्ख करू नका. लांबी, वजन, नळीचा जोड लिहून ठेवा आणि गंजासकट जाणकाराला दाखवा. कोनसमुद्रमच्या लोहारांनी आपली नावं कुठं कोरली नाहीत. त्यांची सही म्हणाल तर या लहरीच.