उघड्या दारांचे सभागृह

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा इतिहास म्हटला की ४ जुलै १७७६ हा दिवस, वॉशिंग्टनच्या लढाया आणि जाहीरनाम्यावरील स्वाक्षऱ्या आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु राजाची सत्ता झुगारून दिल्यावर राज्य तर चालवायचेच होते. रस्ते बांधायचे होते, सैनिकांचे थकलेले वेतन भागवायचे होते, कर बसवायचे होते, गावागावांतील तंटे मिटवायचे होते. राजाज्ञेची जागा कोणी घेतली, या प्रश्नाचे उत्तर रणांगणावर मिळत नाही. ते तेरा राज्यांच्या विधिमंडळांच्या रोजच्या, वरवर पाहता कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामकाजात शोधावे लागते. या दृष्टीने पेनसिल्व्हेनिया राज्याची कथा विशेष बोलकी आहे.

सप्टेंबर १७७६ मध्ये या राज्याने स्वतःची राज्यघटना तयार केली. त्या काळाच्या मानाने ती फारच धाडसी होती. वरिष्ठ सभागृह नाही, नकाराधिकार असलेला राज्यपाल नाही. लोकांनी निवडून दिलेली एकच प्रतिनिधीसभा. निवडणूक दरवर्षी ऑक्टोबर महिन्यात होई आणि सात वर्षांत चार वर्षांहून अधिक काळ कोणालाही सदस्य राहता येत नसे. सभागृहाची दारे सभ्यपणे वागणाऱ्या प्रत्येकासाठी उघडी ठेवावीत, अधिवेशन चालू असताना कामकाजाचा वृत्तांत दर आठवड्याला छापावा, दोन सदस्यांनी मागणी केल्यास कोणी कोणत्या बाजूने मत दिले हे नावांनिशी नोंदवावे, असे घटनेतच लिहिले होते. सार्वजनिक स्वरूपाचे प्रत्येक विधेयक शेवटच्या वाचनापूर्वी छापून लोकांपुढे ठेवायचे आणि तातडीची गरज नसेल तर पुढच्या अधिवेशनापर्यंत त्याचा कायदा करायचा नाही, असाही दंडक होता. अर्थात या लोकशाहीला मर्यादा होत्याच. मताधिकार कर भरणाऱ्या पुरुषांपुरता होता, स्त्रियांना तो नव्हता. आणि सदस्यांना घ्यावी लागणारी शपथ ख्रिस्ती धर्मग्रंथांवरील श्रद्धेची असल्यामुळे अन्यधर्मीयांना सभागृहाचे दार बंदच होते.

फिलाडेल्फियातील ज्या इमारतीत स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला, तिथेच ही सभा भरत असे. दूरच्या पश्चिम सीमेवरील सदस्य ॲलेगेनी पर्वत ओलांडून, कित्येक दिवसांचा घोड्यावरचा प्रवास करून येत. कामकाज चालण्यासाठी निवडून आलेल्यांपैकी दोन-तृतीयांश सदस्य हजर असावे लागत. म्हणून हजेरीला मोठे महत्त्व होते. दिवसाचा बराच वेळ लोकांच्या अर्जांत जाई. एखाद्या तालुक्याला नवा रस्ता हवा असे, एखाद्या भागाला स्वतंत्र जिल्हा हवा असे, कुणा सैनिकाच्या विधवेला मदत हवी असे. अर्ज वाचला जाई, पटलावर ठेवला जाई, मग दोन-तीन सदस्यांच्या समितीकडे सोपवला जाई. समितीचा अहवाल येई, त्यातून कधी विधेयक निघे आणि त्याची तीन वाचने होत. कितीतरी अर्ज वाटेतच विरून जात. तरीही सामान्य माणसाने लिहिलेला कागद सभागृहात मोठ्याने वाचला जातो, ही गोष्ट लहान नव्हती.

या संथ पद्धतीचे बळ १७८० मध्ये दिसून आले. गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्याचे विधेयक पुढे आले होते आणि जॉर्ज ब्रायन त्याचे प्रमुख पुरस्कर्ते होते. दंडकानुसार विधेयक वृत्तपत्रांतून छापले गेले, त्यावर लोकांत कडाक्याचे वाद झाले. त्या सुमारास सभेचे कारकून होते प्रख्यात लेखक टॉमस पेन. अखेर १ मार्च १७८० रोजी ३४ विरुद्ध २१ मतांनी विधेयक संमत झाले. एखाद्या विधिमंडळाने गुलामगिरीच्या अंतासाठी केलेल्या जगातील अगदी पहिल्या कायद्यांपैकी हा एक होय.

पण या संथपणाची किंमत कोणी मोजली, हेही पाहिले पाहिजे. आधीपासून गुलाम असलेल्यांना या कायद्याने मुक्ती दिली नाही. कायद्यानंतर गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मलेल्या मुलाला स्वतंत्र मानले, पण वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत त्याने आईच्या मालकाकडे राबायचे होते. ठरलेल्या मुदतीत ज्यांची नोंदणी मालकांनी केली नाही, ते मात्र मुक्त ठरले. पुढच्याच वर्षी ही मुदत वाढवून अशा माणसांना पुन्हा गुलामीत ढकलण्याचा प्रयत्न झाला. तेव्हा ज्यांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न होता, त्या कृष्णवर्णीयांनीच सभेकडे अर्ज केला. मिळालेले स्वातंत्र्य हिरावून घेऊ नका, ही त्यांची मागणी होती. तो प्रयत्न फसला.

नियमांची खरी कसोटी सप्टेंबर १७८७ मध्ये लागली. त्याच इमारतीत तयार झालेली अमेरिकेची नवी राज्यघटना १८ सप्टेंबर रोजी सभेपुढे वाचण्यात आली. राज्यात जर्मन भाषकांची वस्ती मोठी असल्यामुळे इंग्रजीबरोबर जर्मनमध्येही तिच्या प्रती छापण्याचे सभेने ठरवले; जो मजकूर लोकांनी तपासायचा, तो त्यांच्या भाषेत त्यांच्या हाती असावा, एवढी जाण त्या सभेला होती. मात्र अधिवेशन संपण्याच्या आदल्या दिवशी, २८ सप्टेंबरला, नव्या घटनेला मान्यता देण्यासाठी परिषद बोलावण्याचा प्रस्ताव अचानक मांडण्यात आला. एवढी घाई कशासाठी, राष्ट्रीय काँग्रेसकडून घटना अजून अधिकृतपणे आलेलीही नाही, असे विरोधकांचे म्हणणे होते. सकाळी मूळ प्रस्ताव ४३ विरुद्ध १९ मतांनी संमत झाला. दुपारी तपशील ठरवायचा होता, तेव्हा ते एकोणीस जण आलेच नाहीत. सभागृहात ४४ सदस्य होते आणि कामकाजाला ४६ हवे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमावाने जेम्स मॅक्कामंट आणि जेकब मायली या दोन गैरहजर सदस्यांना त्यांच्या मुक्कामाच्या जागेतून ओढत, रस्त्यावरून फरफटत सभागृहात आणून बसवले. संख्या पूर्ण झाली. आपल्याला बळजबरीने आणले आहे, जाऊ द्यावे, अशी विनंती मॅक्कामंटने सभापती टॉमस मिफ्लिन यांना केली. गैरहजेरीचा दंड पाच शिलिंग होता. तो भरून मोकळे होण्याची तयारीही त्याने दाखवली. सभागृहात हशा पिकला. तो दाराकडे निघाला, तर तिथे जमाव आडवा उभा. सभेने त्याला परवानगी नाकारली आणि परिषदेचा कार्यक्रम मंजूर केला. टॉमस लॉइड या लघुलेखकाने सभेतील चर्चा टिपून ठेवल्यामुळे हा प्रसंग आजही वाचायला मिळतो.

त्या दिवशी नियमाचे अक्षर पाळले गेले, पण नियमाचा हेतू पायदळी तुडवला गेला. ज्या उघड्या दारातून लोकांनी कामकाज पाहावे अशी अपेक्षा होती, तेच दार सदस्याला कोंडण्यासाठी वापरले गेले. दुसऱ्या बाजूने, हजेरीचा नियम वापरून बहुमताला खीळ घालण्याचा मार्ग विरोधकांनीच आधी पत्करला होता. पुढे सोळा विरोधकांनी आपली बाजू मांडणारे पत्रक प्रसिद्ध केले. पण डिसेंबरमध्ये परिषदेने ४६ विरुद्ध २३ मतांनी नव्या घटनेला मान्यता दिली.

पेनसिल्व्हेनियाने या अनुभवानंतर १७९० मध्ये आपली घटना बदलली. दोन सभागृहे आली आणि कामकाजासाठी साधे बहुमत पुरेसे ठरले. मात्र उघडी दारे आणि साप्ताहिक छापील वृत्तांत या गोष्टी नव्या घटनेनेही राखल्या. भारताच्या राज्यघटनेत विधानसभेची गणसंख्या दहा सदस्य किंवा एकूण सदस्यसंख्येचा एक-दशांश, यांपैकी जी अधिक असेल ती, अशी ठेवली आहे. त्यामुळे मूठभरांनी बाहेर राहून काम अडवणे कठीण झाले. पण मूठभरांच्याच उपस्थितीत कायदा होण्याची शक्यताही तिच्याबरोबर आली. हजेरी किती असावी हे कायदा ठरवू शकतो. आत बसलेल्यांनी विरोधकाचे ऐकून घ्यावे आणि बाहेर उभ्या असलेल्यांनी दाराशी पाहारा न देता लक्ष ठेवावे, हे मात्र प्रत्येक पिढीला नव्याने शिकावे लागते. आणि ते शिकण्याची पहिली जागा शाळेचा वर्ग हीच असते.